साथ आणि संकोच



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी सांगितले, ‘साथीच्या काळातील लैंगिक आरोग्य.’ त्यांनी ते वहीत लिहून घेतले, क्षणभर थांबले आणि म्हणाले, “गुरुजी, पत्रिकेवर ‘साथ आणि आरोग्य’ एवढेच छापले तर चालेल ना? बायामाणसे येतात, व्यापारी मंडळी येतात.” मी म्हटले, “चालेल. पण कोणता शब्द वगळला, हे मी व्यासपीठावरून सांगेन.” त्याप्रमाणे आज सांगितले. चिटणिसांचा यात काडीइतकाही दोष नाही. जो शब्द पत्रिकेवर छापायला आपण कचरतो, त्याच्याशी संबंधित सेवा बंद पडली तर तिच्याबद्दल तक्रार करायलाही आपण कचरतो. माझ्या आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे. पुढचा तासभर मी ते उदाहरणांनी पटवण्याचा प्रयत्न करणार आहे.

प्रथम माझा स्वतःचा गुन्हा कबूल करतो. मी शाळेत शास्त्र शिकवीत असे. पुस्तकात प्रजननाचा पाठ होता. वर्षानुवर्षे मी तो पाठ आला की म्हणत असे, “हा सोपा आहे, घरी वाचा.” तो सोपा नव्हता. तो शिकवणे मला अवघड होते, एवढेच. त्या वर्गांतली मुले आज बाप झाली आहेत, मुली आया झाल्या आहेत, काही जणी आशा आणि अंगणवाडी सेविका झाल्या आहेत. तेव्हा आज मी जे बोलणार आहे, तो एक प्रकारे वर्गात राहून गेलेला पाठ आहे, असे समजा.

आता मूळ विषयाकडे वळू. २५ मार्च २०२० पासून देशात टाळेबंदी लागली. चार टप्प्यांत ती ३१ मेपर्यंत चालली. एकंदर ६८ दिवस झाले. आपल्याकडे सातपुड्यातल्या होळ्या नुकत्याच होऊन गेल्या होत्या. काठीच्या होळीची राख निवते न निवते तोच रस्ते ओस पडले. त्या दिवसांत काय काय बंद झाले, याची यादी कोणालाही विचारा, तो भराभर सांगेल. बाजार बंद, एस.टी. बंद, शाळा बंद, देवळे बंद, लग्नाची वाजंत्री बंद. दारूची दुकाने बंद झाली, त्याचा केवढा गाजावाजा झाला, हे आपणांस आठवत असेल. परंतु स्त्रीशस्त्रक्रिया थांबल्या, तांबी बसवणे थांबले, गर्भनिरोधक गोळ्या संपल्या, अंगावरचे पांढरे जाणे घेऊन दवाखान्यात जाणारी बाई घरी बसली, याबद्दल मोर्चा निघाल्याचे किंवा निवेदन दिल्याचे कोणाला आठवते काय? मला आठवत नाही. गरज नव्हती म्हणून हे झाले असे नाही. तोंड उघडण्याची सवय नव्हती म्हणून झाले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यापासून एक विनोद गावोगाव फिरत होता, की नवराबायको घरात कोंडली गेली, आता नऊ महिन्यांनी घरोघर पाळणे हलणार. मे २०२० मध्ये युनिसेफ या संस्थेने एक आकडा प्रसिद्ध केला, की साथ जाहीर झाल्यापासून नऊ महिन्यांत भारतात सुमारे २ कोटी बालके जन्मतील. लगेच ‘टाळेबंदीमुळे २ कोटी बाळे’ असा सूर लागला. वास्तविक साधे गणित केले असते तरी पुरे होते. मार्च ते डिसेंबर या काळात जन्मणारी बहुतेक बालके टाळेबंदीपूर्वीच आईच्या पोटात होती! युनिसेफचे म्हणणे एवढेच होते, की दवाखान्यांवर ताण असताना इतक्या बाळंतपणांची सोय करावी लागणार आहे. ती इशाऱ्याची गोष्ट होती; आपण तिचा विनोद केला. आणि विनोदाने एक काम उत्तम होते. ज्या विषयावर गंभीरपणे बोलायचे नसते, तो विषय हसण्यावारी नेता येतो.

साथीत पाळणे हलतात, हे मुळातच खरे नाही. १९१८ ची मानमोडीची साथ आपल्या पणज्यांनी पाहिली. त्या वेळी आपला भाग पश्चिम खानदेशात मोडत असे. त्या साथीने देशातील इतकी माणसे नेली, की १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली; आणि साथीनंतरच्या वर्षी जन्मही कमी झाले. या खेपेसही स्पेन आणि इटली या देशांत २०२० च्या अखेरीस जन्म ठळकपणे घटले. भीती, बेकारी, आजारपण आणि एका खोलीत दाटीने राहणारे कुटुंब, यांत प्रीतीला बहर येतो असे समजणारा मनुष्य कवी असेल, संसारी नसेल. तेव्हा ‘लोकांचे वर्तन कसे बदलले’ हा प्रश्न जितका मोठा आहे, त्याहून ‘लोकांच्या हाताशी काय उरले’ हा प्रश्न मोठा आहे. माणसे जवळ आली असोत की दुरावली असोत, ज्यांना मूल नको होते, त्यांना ते टाळण्याचे साधन मिळाले का? ज्यांना रोग होता, त्यांना औषध मिळाले का?

काही आकडे सांगतो. आकडे कंटाळवाणे असतात, पण हे थोडेच आहेत. मे २०२० मध्ये कुटुंबनियोजन क्षेत्रातील एफ.आर.एच.एस. इंडिया या संस्थेने अंदाज मांडला, की टाळेबंदीमुळे देशातील अडीच कोटींहून अधिक जोडप्यांना साधने मिळणार नाहीत, आणि त्यातून तेवीस-चोवीस लाख नको असलेल्या गर्भधारणा होतील. इपास डेव्हलपमेंट फाउंडेशनने हिशेब केला, की २५ मार्च ते २४ जून या तीन महिन्यांत एरवी जे ३९ लाख गर्भपात झाले असते, त्यांपैकी साडेअठरा लाख वेळेवर किंवा योग्य ठिकाणी होऊ शकणार नाहीत. हे अंदाज आहेत, मोजदाद नव्हे, हे ध्यानात ठेवावे. जागतिक अंदाज तर पुढे बराच खाली आला. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने आरंभी ४ कोटी ७० लाख स्त्रियांची साधने तुटतील अशी भीती घातली होती. वर्षभराने, मार्च २०२१ मध्ये, त्याच संस्थेने सांगितले, की सुमारे १ कोटी २० लाख स्त्रियांची साधने सरासरी साडेतीन महिने तुटली आणि त्यातून १४ लाख नको असलेल्या गर्भधारणा झाल्या. भीती खोटी ठरली, याचा आनंद मानावा. पण ती आपोआप खोटी ठरली नाही. बऱ्याच ठिकाणी सेवा लवकर सावरल्या, म्हणून खोटी ठरली. जेथे सावरल्या नाहीत, तेथील बाईला जगाच्या सरासरीचा काय उपयोग?

आता आपल्या जिल्ह्याकडे या. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे साडेसोळा लाखांच्या लोकवस्तीत दहांपैकी सात माणसे आदिवासी, आणि साक्षरतेत राज्यात शेवटचा क्रमांक. नंदुरबार शहरात बसून मिरचीचा भाव बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना धडगाव-मोलगीकडचा पाडा नकाशावर जवळ वाटतो. पण तेथील घरे एका गावठाणात नसतात. एक घर या टेकडीवर, दुसरे पलीकडच्या. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली नर्मदाकाठची कित्येक गावे सरदार सरोवराच्या पाण्याने अशी वेढली आहेत, की तेथे होडीखेरीज वाट नाही. आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीतून खाली आणतात. अशा ठिकाणी ‘सेवा उपलब्ध आहे’ या शब्दांचा अर्थ काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

अशा एका पाड्यावरील बाई डोळ्यांसमोर आणा. मी कोणा एकीची हकीकत सांगत नाही. अशी बाई कल्पा, एवढेच म्हणतो. तिला तीन मुले आहेत. शेवटच्या बाळंतपणानंतर उन्हाळ्यात ऑपरेशन करून घ्यायचे, असे नवराबायकोने ठरवले आहे. आपल्या राज्यात हीच मुख्य रीत. २०१९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ४९ टक्के स्त्रीशस्त्रक्रियेवर अवलंबून होत्या. पुरुषांच्या शस्त्रक्रियेचा वाटा अर्धा टक्कासुद्धा नव्हता. म्हणजे सारे घर एका खांबावर उभे, आणि तो खांबही बाईच्या पाठीवर! साथ आली आणि पहिल्या झटक्यात हाच खांब निखळला. केंद्र सरकारच्या एप्रिलमधील सूचनांत प्रजनन आणि मातृआरोग्य या सेवा अत्यावश्यक म्हटल्या होत्या खऱ्या; पण सरकारी दवाखान्यांतील नसबंदी आणि तांबी यांची कामे सुरुवातीस थांबवण्यात आली. उरल्या गोळ्या आणि निरोध. ते घरपोच द्यायचे आशाताईने.

आणि आशाताई त्या वेळी काय करीत होती? तिच्या हातात तापमापक आणि पल्स ऑक्सिमीटर दिले होते. घरोघर जाऊन ताप, खोकला, बाहेरगावहून आलेली माणसे, यांची नोंद करायची. पुढे १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आली, तिचाही भार तिच्यावरच. या जादा कामासाठी केंद्राकडून महिन्याला हजार रुपये. जून २०२१ मध्ये राज्यातील आशांना संप करावा लागला, तो उगीच नव्हे. जी बाई पूर्वी चुलीजवळ बसून हळूच विचारी, “पाळी कधी आली?”, तीच आता अंगणाबाहेरून विचारू लागली, “घरात कोणाला खोकला?” लोकही तिला भिऊ लागले, तिने नोंद केली, की गाडी येईल आणि माणसाला घेऊन जाईल. ज्या घरात सासू, दीर, जावा, परतलेला नवरा असे सगळे दिवसभर बसलेले, तेथे कोणती सून दारात उभी राहून गोळ्या मागणार? साधने गावात असतीलही. ती मागण्याचा एकांत नाहीसा झाला. माझ्या मते साथीने या बाबतीत केलेले मोठे नुकसान हेच आहे, आणि ते कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

त्या बाईची पाळी चुकली, असे समजा. आता कायदा आणि दिनदर्शिका शेजारी ठेवून पाहू. गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पाळी चुकली हे कळते तेव्हाच चार आठवडे होऊन गेलेले असतात. गोळ्यांनी गर्भपात करण्याची नियमातील मर्यादा २०२० मध्ये सात आठवडे होती. म्हणजे त्या बाईच्या हातात राहिले तीन आठवडे. आणि टाळेबंदी किती? ६८ दिवस, म्हणजे जवळजवळ दहा आठवडे. हा हिशेब मी प्रथम कागदावर मांडला, तेव्हा मला वाटले, बेरीज चुकली. ती चुकली नव्हती. त्या तीन आठवड्यांत बाईने उतरून यायचे, नाक्यावरील पोलिसाला कारण सांगायचे, डॉक्टर शोधायचा, तो करोनाच्या कामावर नसावा अशी आशा करायची. नाक्यावरच्या अनोळखी पुरुषाला ती कोणते कारण सांगणार होती? पोट दुखते, एवढेच. मग उरते ते गावठी औषध, काडी, किंवा न मागितलेले चौथे बाळंतपण.

येथे जाता जाता कायदा सांगून ठेवतो, कारण सुशिक्षितांतही त्याचे अज्ञान फार आहे. १९७१ पासून या देशात विहित अटींवर वैद्यकीय गर्भपात कायदेशीर आहे. गुन्हा आहे तो गर्भलिंग पाहण्याचा. तो कायदा १९९४ चा, निराळा. सज्ञान स्त्रीला स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. काही वर्गांतील स्त्रियांसाठी मर्यादा २० वरून २४ आठवड्यांवर गेली, ‘विवाहित स्त्री व तिचा पती’ या जागी ‘स्त्री व तिचा जोडीदार’ असे शब्द आले, आणि नव्या नियमांनी गोळ्यांची मर्यादा नऊ आठवड्यांवर नेली. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही तोच हक्क असल्याचे सांगितले. कायदा पुढे सरकला आहे. तो पाड्यावर कोण पोचवणार, पावरी आणि भिलोरी बोलीत कोण सांगणार, हा प्रश्न उरतो.

दुसरी गोष्ट स्थलांतराची. आपल्या जिल्ह्यातली हजारो माणसे पावसाळा संपला की गुजरातकडे ऊसतोडीला, बांधकामाला, शेतीकामाला जातात. कोयता घेऊन जोडप्याने जातात. त्यांच्या तळावर ना आशा, ना उपकेंद्र. टाळेबंदीने त्यांना तेथेच गाठले. पुष्कळ जण चालत, मिळेल त्या वाहनाने परतले आणि शाळांच्या खोल्यांत विलगीकरणात राहिले. कित्येक महिने बाहेर राहिलेल्या माणसांमध्ये काहींना गुप्तरोगाची लागण असते. हे आदिवासींविषयी म्हणत नाही, घर सोडून राहणाऱ्या कोणत्याही जातीच्या, कोणत्याही देशीच्या माणसांविषयी म्हणतो. या रोगांवर सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लक्षणांप्रमाणे निरनिराळ्या रंगांच्या पेट्यांतून औषध फुकट मिळते. परंतु अट एक आहे. नवरा आणि बायको दोघांनीही औषध घेतले पाहिजे, नाहीतर रोग एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. साथीत हे साधायचे कसे? पांढरे जाणे आणि ओटीपोटातले दुखणे अंगावर काढले, तर संसर्ग वर चढतो, गर्भनलिका बंद होतात आणि पुढे मूल होत नाही. मूल न होणाऱ्या बाईचे आपल्या समाजात काय होते, सवत कशी येते, हे मी सांगायला नको. दोन महिन्यांचे न घेतलेले औषध असे जन्माला पुरते.

तिसरी गोष्ट मुलींची. मार्च २०२० मध्ये आश्रमशाळा बंद झाल्या आणि डोंगरातल्या मुली घरी आल्या. शाळेत दोन वेळचे जेवण होते, मैत्रिणी होत्या, पाळीच्या दिवसांत विचारायला बाई होत्या. घरी आल्यावर मोबाईलवर वर्ग भरवायचे म्हणतात. ज्या टेकडीवर आवाजही पोचत नाही, तेथे वर्ग कसा पोचणार? रिकामी बसलेली मोठी मुलगी पाहून पाहुणे येऊ लागतात. साथीच्या परिणामाने दहा वर्षांत जगात आणखी एक कोटी बालविवाह होतील, असा अंदाज युनिसेफने २०२१ मध्ये वर्तवला. पुढे २०२३ मध्ये आपल्या जिल्हा पोलिसांना बालविवाहाविरुद्ध ‘ऑपरेशन अक्षता’ हाती घ्यावे लागले, यावरून दुखणे जुने असले तरी किती खोल आहे हे समजते. आणि येथे एक पेच आहे. अल्पवयीन मुलगी गरोदर राहिली, तर गुन्हा नोंदला जाईल या भयाने घरचे तिला दवाखान्यात आणत नाहीत. जिला तपासणीची सर्वांत अधिक जरुरी, तीच लपवली जाते. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर पोलिसांकडील अहवालात डॉक्टरने तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे न्यायालयाने त्याच २०२२ च्या निकालात म्हटले आहे. हे किती जणांना ठाऊक आहे?

चौथी गोष्ट लसीची. २०२१ मध्ये लस आली तेव्हा ‘लस घेतली की पुरुषत्व जाते’, ‘बाईला मूल होत नाही’ अशा वावड्या उठल्या. आपण शहरवासी हसलो. परंतु विचार करा. याच राज्याच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. सरकारी सुई आणि मूलबाळ यांचा संबंध लोकांच्या मनात कोठून आला, याचे उत्तर तेथे सापडते. लसीने वंध्यत्व येत नाही, हे शास्त्राने तपासले आहे. उलट खुद्द करोनाच्या तापाने पुरुषाचे बीज काही काळ उणावते. पण गरोदर स्त्रियांना लस घेण्याची मोकळीक जुलै २०२१ मध्ये मिळाली, तोवर संशयाला सहा महिने मिळाले होते. ज्या समाजाशी या विषयावर एरवी कोणी सरळ बोलत नाही, त्याच्याशी अफवा मात्र सरळ बोलते.

हे सर्व अंधाराचेच चित्र आहे असे समजू नका. दोन गोष्टी अशा घडल्या, की ज्यांपासून आपण पुष्कळ शिकू शकतो.

पहिली चिमलखेडीची. तेथील एका अंगणवाडी सेविकेने पाहिले, की एप्रिलपासून अलिगाट आणि दादर या पाड्यांवरच्या बाया भीतीने येत नाहीत. त्या होडीने येत असत. तेव्हा तिने एका कोळ्याकडून लहान होडी मागून घेतली आणि स्वतः वल्हवीत नर्मदेतून त्यांच्याकडे जाऊ लागली. आठवड्यातून पाच दिवस, सुमारे अठरा किलोमीटर. बरोबर आहार आणि वजनकाटा. सात गरोदर बाया आणि पंचवीसएक मुले, एवढ्यांसाठी. आपण तिच्या धाडसाचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. मला मात्र तिच्या डोक्याचे कौतुक अधिक वाटते. ‘बाया येत नाहीत’ असे नोंदवून ती थांबली नाही. बाया येत नाहीत, तर सेवेने जावे, हा साधा निष्कर्ष तिने काढला.

दुसरी गोष्ट एच.आय.व्ही.च्या औषधांची. ही औषधे रोज घ्यावी लागतात, एक महिना चुकणेही परवडत नाही. टाळेबंदी लागताच राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने सूचना काढली, की रुग्णाला एकदम तीन महिन्यांची औषधे द्यावीत. दर महिन्याची फेरी वाचली. ज्या रोगाला समाज सर्वांत अधिक लाजतो, त्याच रोगाच्या बाबतीत व्यवस्था सर्वांत शहाणपणाने वागली. का? कारण तेथे रुग्णांनी आणि कार्यकर्त्यांनी वीस-पंचवीस वर्षे झगडून बोलण्याची सवय लावली होती. संकोच मोडला की शहाणपणाला वाट मिळते, याचा हा पुरावा.

कोणी म्हणेल, साथ गेली, आता हे उगाळून काय उपयोग? माझे उत्तर असे, की आपल्या जिल्ह्यात टाळेबंदी दर वर्षी येते. तिचे नाव पावसाळा. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला. एक नवरा आजारी बायकोला खांद्यावर घेऊन निघाला. ती वाटेतच गेली. तेव्हा पोलिसांनी रस्ता अडवला नव्हता, डोंगराने अडवला होता. साथ शंभर वर्षांनी येवो वा पाच वर्षांनी. मृग मात्र दर वर्षी येतो.

म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत. एच.आय.व्ही.च्या औषधांचा धडा इतर साधनांना लावावा. मृगापूर्वी, मे महिन्यातच, प्रत्येक पाड्यावर तीन-चार महिने पुरतील इतक्या गोळ्या आणि निरोध पोचावेत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्याला एक घ्यायची ‘छाया’ गोळी लखनौच्या सरकारी संशोधनसंस्थेत निघालेली आहे, ती द्यावी. तीन महिन्यांचे ‘अंतरा’ इंजेक्शन ज्यांना चालते, त्यांची तारीख पावसाआधी साधावी. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याच्या गाठोड्यात हंगामभराची साधने असावीत. पुरुषांची शस्त्रक्रिया टाक्याशिवाय, थोड्या वेळात होते आणि तिने शक्ती जात नाही, हे पुरुषांनी पुरुषांना सांगावे. या सभेत ज्यांनी ती करून घेतली असेल, त्यांनी चारचौघांत एकदा तसे म्हटले, तर माझ्या दहा भाषणांचे काम होईल. औषध दुकानदार येथे बसले आहेत. त्यांनी साधन मागणाऱ्या बाईकडे मान वर करून पाहू नये, एवढे केले तरी पुरे. आणि शिक्षकांनी तो पाठ वर्गात शिकवावा.

या विषयाची परंपरा आपल्याला नवी नाही. गणिताचे प्राध्यापक असलेल्या रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, त्यापायी नोकरी गमावली, खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. ज्या भाषेत हे सगळे शंभर वर्षांपूर्वी निर्भयपणे लिहिले गेले, त्या भाषेत आज पत्रिकेवर एक शब्द छापताना आपला हात अडखळतो. कर्व्यांना शिव्या देणारे लोक तरी प्रामाणिक होते. ते निदान बोलत होते.

पुढची साथ कोणती असेल, हे मला सांगता येत नाही. पण ती येईल त्या दिवशी पाड्यावरच्या बाईजवळ तीन महिन्यांचा साठा असेल की नाही, आणि तो संपल्यावर “संपला” असे मोठ्याने म्हणण्याची तिला मुभा असेल की नाही, हे मात्र आपण आज ठरवू शकतो. मी माझा राहिलेला पाठ आज घेतला. घंटा झाली आहे.